दहापैकी किती

मळमड्डी, मंगळवार संध्याकाळ

आज वॉर्डात आम्हा नर्सिंगच्या मुलींना दुखण्याची तपासणी शिकवली. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. पेशंट सांगेल तो आकडा लिहायचा. सोपं वाटलं होतं.

मला अळणावरकडच्या खेड्यातली मंगल दिली. काल पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, शेजारी सासू बसलेली. "किती दुखतं?" विचारलं. म्हणाली, "दोन." पण मुठीत चादर घट्ट धरलेली, श्वासही पुरता घेत नव्हती. मग दोन कसं?

सासू चहाला गेल्यावर पुन्हा विचारलं. हळूच म्हणाली, "आठ. पण अक्का, डॉक्टरांना सांगू नका. उद्या घरी सोडणार आहेत. घरी लेकरू आहे, अंगावर पितंय माझं."

काय करायचं? ती मूठ डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी आमच्या मॅडमना सांगितलं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणि उद्याचं घरी जाणं रद्द झालं. "शाब्बास, बरोबर ओळखलंस," मॅडम म्हणाल्या. लेकराला इथं आणता येईल का, विचारलं. "बघू," म्हणाल्या.

बरोबर ओळखलं, मान्य. पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता ना? की मी कुणाला तरी सांगावं, असंच तिच्या मनात होतं? काही कळत नाही.

निघताना नियमाप्रमाणे पुन्हा विचारावंच लागलं. मूठ आता सुटलेली होती. मंगलनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"तुम्हीच लिहा अक्का, किती ते."