सोमवारच्या गोळ्या

रंभा,

पयल्या पाळीले चाललो. तू रातभर खोकलत होती, म्हून उठवलं नाही. पेजेसाठी तांदूळ काढाले गेलो त डब्यात टीबीच्या अकरा गोळ्या निघाल्या. सोमवारी गोळी खाल्ली त उपास मोडते म्हून लपवल्या? कावून वं असं? कारखान्यात भट्टीचा भडका उडाला अन् मी वाचलो, तवापासून माह्यासाठी महादेवाचे सोमवार धरून राहिली, ठाऊक हाय मले. पण काल डाक्टर म्हणले, दुसरं फुप्फुसबी गेलं. आता औषध लागू पडन का नाही, त्यायलेच भरोसा नाही. तरी खा. पेज चुलीवर हाय, आधी ते पिऊन घे.

आज सोमवार, मी जेवणाचा डबा नेला नाही. आजपासून तुहे सोमवार मी धरतो.

शालिकराम