माझ्याहून भित्री माणसं

प्रिय सोलीन,

पाकीट बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. आई आणि पत्र? हिचा फोन मोडला की काय? फोन धडधाकट आहे गं. पण फोनवर मी काही मनातलं बोलायला लागले की नेमकी तुमच्या बेकरीतली भट्टी वाजते, नाहीतर यानिक हाक मारतो, आणि तू ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही. म्हणून हे पत्र बाबांच्या हाती देतेय. बदकाच्या मांसाचे काचेचे डबे त्यांच्या बॅगेत आहेत. मी टॉवेलात नीट गुंडाळून दिलेत, तरी एखादा फुटला तर बोल त्यांना लाव, मला नको.

मंडईतलं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण गाळा रोज उघडते. समोरचा मासेवाला फेर्नां अजून तसाच तोंडाळ आहे. मागच्या शनिवारी भर गिऱ्हाइकांत ओरडला, "ओडिल, तुझी बदकं तुझ्यापेक्षा जास्त उडालीत!" सगळी मंडई खो खो हसली. मीही हसले, करणार काय? विमानांच्या कारखान्यावर जगणाऱ्या तुलूझमध्ये राहून विमानाला भिणं म्हणजे कोळ्याच्या घरात माशाचा वास न खपणं. डोक्यावरून विमान गेलं की इथली माणसं मान वर करून सांगतात, ते दार आमच्या विभागातलं, त्या खुर्च्या माझ्या मेहुण्याच्या. आणि मी, पंख जोडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची बायको, मान खाली घालून बदकांची पिसं काढते.

बाबांनी समजवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं, हे तू लहानपणापासून बघितलंयस. जेवताना लांब पाव हातात घ्यायचे, तो वाकवायचे आणि सांगायचे, बघ ओडिल, पंख असा वाकतो, मुद्दामच वाकणारा केलाय, आम्ही तो मोडेपर्यंत ओढून बघतो. पाव मोडायचा आणि मी ताटावरून उठायचे. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरता येतं, म्हणायचे. म्हणजे बंद पडतं तर! चाकं खाली आली नाहीत तर ती पाडायची वेगळी सोय आहे. म्हणजे येत नाहीत तर! ते एकेक सोय सांगत गेले आणि मला एकेक नवं संकट कळत गेलं. ज्या गोष्टी बिघडू शकतात हे मला सात जन्मांत सुचलं नसतं, त्याही मी उशाला घेऊन झोपायला लागले. शेवटी त्यांनी हात टेकले. म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा मी पाव खातो."

तुझ्या लग्नाला मी विमानतळावरूनच परतले, नवी टोपी डोक्यावर तशीच. मायलिस झाली तेव्हा मात्र आत जाऊन बसले. पट्टा बांधला, बाबांचा हात धरला. आणि दार लागलं. तो आवाज! मला काय झालं ते आजही सांगता येत नाही, मी उठले आणि ओरडत सुटले. मला उतरवलं, माझ्यामागे बाबा उतरले, आमच्या बॅगा शोधायला सगळं विमान खोळंबलं. बाबा रात्रभर तुम्हाला फोन लावत होते, पण पोरगी झोपावी म्हणून तुम्ही फोन बंद करून ठेवले होते, आणि सकाळी तशीच तू निघालीस. ओली बाळंतीण, पोर छातीशी बांधलेलं, तुमच्या रियुनियन बेटावरच्या त्या उकाड्यात विमानतळावर उभी. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत उभी होतीस म्हणे. हे यानिकने सांगितलं, तू नाही. तू मला एवढंच म्हणालीस, "राहू दे, आई. पुन्हा येते म्हणू नकोस." रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू रागावलीच नाहीस.

आता मायलिस तीन वर्षांची झाली. तिला कुणी विचारलं, आजी कुठे राहते, तर ती फोनकडे बोट दाखवते. रविवारी मी पडद्यावर आले की येऊन फोनचा मुका घेते, आणि मग मला नुसतं तिचं ओलं नाक दिसतं. तुम्ही हसता, मीही हसते. फोन ठेवला की ॲप्रन डोळ्याला लावते. आणि दुसरं येतंय, हे मला बाबांकडून कळलं. तू त्यांना सांगितलंस, मला नाही. यानिकची आई आता नाही, बेकरी एक दिवस बंद ठेवायची सोय नाही, तर तू बाबांना बोलावलंस. बाबा येऊन काय करणार गं? त्यांना धड अंडं उकडता येत नाही. पण तू मला ये म्हणाली नाहीस, आणि का म्हणाली नाहीस ते मला ठाऊक आहे. लागलं मला. फार लागलं.

तर आता खरी गोष्ट सांगते. आपली पोलेट, केस कापणारी, एक दिवस गाळ्यावर आली आणि म्हणाली, "कारखान्याला माणसं हवीत, चल." नवं विमान तयार झालं की त्याची एक परीक्षा असते. विमान माणसांनी गच्च भरायचं, अंधार करायचा, निम्मी दारं बंद ठेवायची आणि नव्वद सेकंदांच्या आत सगळ्यांनी बाहेर पडून दाखवायचं. त्याला सगळ्या तऱ्हेची माणसं लागतात, म्हातारी, जाडी, बायका, सगळी. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं?" तर म्हणते, "अगं, ते उडत नाही. शेडमध्ये उभं असतं, टाकीत थेंबभर तेल नाही. वर जेवण फुकट." उडत नाही ना, मग मला काय! गेले. बाबांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पुन्हा पाव बाहेर आला असता.

तिथे दारात एक पोरगी नावं टिपून घेत होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही बाळ घ्याल का?" हो-नाही म्हणायच्या आत हातात एक बाहुली ठेवली. बाहुली कसली, धोंडाच! खऱ्या बाळाएवढी जड, नाक चपटं, डोळे नुसते रंगवलेले. विमानात कुणा ना कुणाच्या मांडीवर पोर असतंच, म्हणून परीक्षेतही काही जणांना अशी बाळं देतात. पोलेट म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेलीय." बसलो. पट्टे बांधले. खिडक्या झाकलेल्या. आणि दार लागलं.

सोलीन, तोच आवाज. विमान शेडमध्ये, खाली सिमेंट, टाकी कोरडी, आणि मला दरदरून घाम फुटला. आयुष्यभर मला वाटत होतं मी आकाशाला भिते. इथे आकाश कुठे होतं? मी त्या दाराला भीत होते. ते लागलं की आपल्या हातात काही उरत नाही, ह्याला भीत होते. मी उठून ओरडणारच होते, पण मांडीवर ती बाहुली. ती कुणाकडे देणार? तो विचार करतेय तोवर दिवे गेले.

मिट्ट काळोख झाला आणि विमानात काम करणारी पोरंपोरी गळा फाडून ओरडायला लागली, "पट्टे सोडा! सामान टाका! इकडे या!" वाटेत मुद्दाम पिशव्या, उशा, पांघरुणं टाकून ठेवलेली. आमच्या जवळचं दार उघडलंच नाही, मागे वळा म्हणाले. माझ्या शेजारी वाटेच्या बाजूला एक आडदांड गडी बसला होता, रग्बी खेळणाऱ्यांसारखी मान. तो खुर्चीचे हात धरून बसलेला, हलेचना. थिजला होता बिचारा; त्या दिवशी मी ओरडत सुटले होते, हा दगड झाला होता. मग मी मंडईतला आवाज काढला. "ऊठ की रे ठोंब्या! पोर आहे माझ्याजवळ!" आणि दिला एक धपाटा पाठीत. ताडकन उठला! त्याचा शर्ट धरून मी मागोमाग निघाले. पायाखाली उशी आहे की माणूस, काही कळत नव्हतं. दारात पोचले तर पुढे हवेने फुगवलेली घसरगुंडी, आणि ती खाली कुठे टेकते ते दिसत नव्हतं. मारली उडी. स्टुलावर चढायचं झालं तरी पोलेटला हाक मारणारी मी, मी उडी मारली! मनात एकच होतं, बाळाचं डोकं आपटता कामा नये. कोपर सोलवटलं, स्कर्ट फाटला, ते सगळं नंतर कळलं.

दिवे लागले. सगळे वेळेत बाहेर आले म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला. तो आडदांड गडी शोधत आला, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पाठ चोळत म्हणाला, "काकू, हात जड आहे हो तुमचा." नावं टिपणारी पोरगी बाहुली मागायला आली, मी म्हटलं, जेवण होऊ दे. पुन्हा आली, मी म्हटलं, कॉफी होऊ दे. पोलेट म्हणाली, "हिला आता नाव ठेवून टाक." शेवटी दिली, पण हात रिकामे रिकामे वाटायला लागले.

पण जेवताना माझ्या डोक्यात ते वाटेतलं सामान बसलं होतं. त्या उशा कुणी टाकल्या? कुणीतरी बसून विचार केला असणार ना, की माणसं घाबरून हातातलं टाकतील आणि मागचे अडखळतील. दिवे जातील. हवं तेच दार अडकून बसेल. एखादा चांगला धट्टाकट्टा माणूस जागचा उठणार नाही. एखाद्या म्हातारीच्या मांडीवर पोर असेल. अगं, हे तर सगळं मी रात्री पडल्या पडल्या मनात आणते! घरी आले तर बाबा सूप ढवळत होते. म्हटलं, "रेमों, तुमचा अख्खा कारखाना माझ्याहून भित्रा आहे." पळी हातात घेऊनच ते वळले. मग माझं कोपर बघितलं, फाटलेला स्कर्ट बघितला, आणि सगळं ऐकून खुर्चीत बसून इतके हसले की सूप उतू गेलं. हसता हसता डोळे पुसायला लागले. इतकी वर्षं ते मला सांगत आले, घाबरण्यासारखं काही नाही. ते खोटं वाटायचं मला. त्यांनी सांगायला हवं होतं की आम्हीही घाबरतो, रोज घाबरतो, आणि घाबरलो म्हणूनच एवढ्या सोयी केल्यात. शूर माणसांनी बांधलेल्या विमानात मी जन्मात बसणार नाही. भित्र्यांनी बांधलेल्यात एखाद वेळेस बसेन.

माझी भीती गेली असं मात्र समजू नकोस. आहे तिथेच आहे, माझ्या गुडघ्यासारखी. हे लिहितानासुद्धा अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय. फक्त एवढं कळलं की ती आली तरी माझे हात चालतात, पाय चालतात आणि तोंड तर चालतंच.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. बाबांनी तुला एकटाच येतो म्हणून कळवलं, ते मी सांगायला लावलं. तिकिटं दोन काढलीत. तुला कळवलं नाही, कारण माझी वाट बघत तुला पुन्हा पोर घेऊन तिथे उभं करायला माझं मन धजेना. बाबांशी ठरलंय. मध्ये बदलून दोन विमानं आहेत, म्हणजे दार दोनदा लागणार. त्यातल्या एकातून जरी मी उतरले, तरी त्यांनी एकट्याने पुढे जायचं, हे पत्र फाडून टाकायचं, आणि तुला बदकाचे डबे तेवढे मिळतील, बाकी काही कळणार नाही. मांडीवर घ्यायला मी पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची एक पिशवी शिवलीय, बाळाएवढी जड. हसू नकोस, नंतर शिजवून खाऊ. पण विमानतळावरच बाबांनी पत्र तुझ्या हातात दिलंय ना? म्हणजे दार दोन्ही वेळा लागलं आणि मी बसून राहिले. तुझं बाळंतपण नीट होईपर्यंत मी हलणार नाही, परतीचं मग बघू. बाबांच्या मागे, सामानाच्या गाडीआड, पाय सुजलेली, पोटाशी दाण्यांची पिशवी धरलेली एक बाई उभी आहे. तिला पुढे यायचा धीर होत नाहीये. मायलिसला सांग, आजी फोनमधून बाहेर आली. आणि आता वर बघ, बाळा.

तुझीच,
आई