हिरवा म्हणायचं

मंगळवार, संध्याकाळ. शिरवणे.

आज पुन्हा तेच. रेल्वेच्या सहायक चालकाच्या ट्रेनिंगचा तिसरा आठवडा, आणि मला सिग्नलचा रंग मोठ्यानं बोलता येत नाही. काम तेवढंच. बोट दाखवायचं, "हिरवा" म्हणायचं. शेजारचा चालक तेच परत म्हणतो, मग गाडी पुढं.

ट्रेनर देशमुख सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाले, "शिंदे, सोळा वर्षं फौजेत होता ना? आवाज कुठं ठेवून आलात?" वर्ग हसला. मीही हसलो.

कुठं ठेवला ते माहीत आहे. चौकीवर अंधारात बोलायचं नाही, हा पहिला नियम. मी बोललो. शेजारी पहाऱ्यावर असलेल्या कदमला विचारलं, चहा उरलाय का. तो "आहे" म्हणाला, आणि गोळी त्या उत्तरावर आली.

हे सुनीताला कधी सांगितलं नाही. घरी आलो तर म्हणाली, "अहो, मी चालक बनते, तुम्ही बोला." खिडकीतून नाक्यावरचा सिग्नल दिसतो. बोट उचललं. "हिरवा." चांगला खणखणीत निघाला की. म्हणजे आवाज आहे. मग अडतंय कुठं?

सुनीता खुशीत "हिरवा" म्हणाली, आणि मी झडप घालून तिचं तोंड दाबलं. हाताला तिचे दात लागले.

परवा परीक्षा. पास झालो तर आयुष्यभर कुणीतरी शेजारी बसून मला उत्तर देणार.

सुनीता स्वयंपाकघरात आहे. रोज भाकऱ्यांची थापथाप इथपर्यंत येते. आज ती आवाज न करता थापतेय.