त गणाची जागा

डोंबिवली, ४ जानेवारी १९५३

ती. दादास, उत्तरेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. येत्या रविवारी रघुनाथरावांना होकार कळवणार म्हणतोस. आईने रुखवताची यादीसुद्धा काढली. मला मात्र हो म्हणवत नाही.

काल ट्रंक आवरताना नानांची वही मिळाली. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या लग्नाचं मंगलाष्टक रचून ठेवलं होतं. वाचलं आणि तिथेच बसून रडले. शेवटची ओळ उतरवून देते. वराच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे.

राहा तृप्त मने सदैव मिळुनी — — — नी उत्तरा

शार्दूलविक्रीडित एवढं ओळखलं, पुढे माझी गाडी अडते. तू मास्तर. ‘रघुनाथ’ तिथे बसतो का बघ. नानांची ओळ मोडून मला बोहल्यावर उभं राहवणार नाही.

शाळेतल्या पोरांना वाटून उरला तर थोडा लोभ इकडेही असावा.

उत्तरा


ठाणे, ७ जानेवारी १९५३

चि. उत्तरेस अनेक आशीर्वाद.

‘मिळुनी’पाशी, बाराव्या अक्षरावर यती. पुढे लगेच त गण हवा: दोन गुरू, एक लघू. ‘रघुनाथ’ चार अक्षरांचा, आरंभीच दोन लघू. ‘राघोबा’ करून पाहिलं, तर तिसरं अक्षर गुरू.

मग आठवलं. नाना गण शिकवायचे ते घरातल्या नावांनी. भ गणाला मी, भास्कर. र गणाला तू. आणि त गणाला कळव्याहून दर रविवारी वृत्तं शिकायला येणारा श्रीपाद. ‘त गण, चहा घे,’ अशी हाक मारायचे त्याला. गोविंदही बसतो म्हणा, पण आपल्या घरी गोविंद कधी आला नाही.

तुझ्या मनात तोच आहे हे मला ठाऊक होतं. छापखान्यात मुद्रितं तपासतो म्हणून मी नाक मुरडलं. चुकलो. रघुनाथरावांना आज नकार कळवला. आईला नीट समजावून सांग.

तुझा,
भास्कर


डोंबिवली, ९ जानेवारी १९५३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायला घेतलं. तिने ते काढून घेऊन स्वतःच वाचलं.

आता कबुली. वहीत जागा मोकळी नाही. नानांनी श्रीपादचं नाव स्वच्छ शाईने लिहिलंय; उतरवताना मीच गाळलं. मी सांगितलं असतं तर तू हट्ट म्हणाला असतास. तू कुणाचं ऐकत नाहीस, वृत्ताचं तेवढं ऐकतोस.

ही युक्तीही माझी नव्हे. रविवारी ये, वही दाखवते. त्याच पानाच्या समासात नानांनी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘भास्करला नाव सांगू नये. मोजू द्यावं.’

लोभ असावा, तो मात्र न मोजता.

उत्तरा