गुडघा टेकायला काय झालं होतं?

बाबा, तुमच्या नावाचा हॉल बांधून झाला. आपल्या शाळेच्या मागे, पूर्वी जाळी सुकत घालायचे त्या जागेवर. रविवारी उद्घाटन आहे. तुमची मुलगी म्हणून, आणि मालवणच्या शाळेत पोरांना बॉक्सिंग शिकवणारी बाई म्हणूनही, मला तिथे तुमच्याबद्दल बोलायचं आहे. दारावर संगमरवरी पाटी बसवली आहे, ‘कधीही न पडलेला मुष्टियोद्धा’. परवा ती वाचली आणि माझं डोकंच फिरलं. कमिटीवाल्यांना म्हटलं, एवढं वाक्य काढा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुमचा फोटोच उतरवायला सांगते आहे. एक जण तर म्हणाला, “बाये, तुज्याच बापाशीचा मोठेपण तुका बघवणा नाय?” त्याला काय सांगणार, कपाळ? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमची एकही लढत न बघितलेली माणसं आज मला तुमचा मोठेपणा शिकवतात, आणि मी ऐकून घेते.

तुमच्यापाशी तरी खरं बोलता येईल. तुमच्यासारखा उजवा ठोसा मी अजून कुणाचा पाहिलेला नाही. तुम्ही मुंबईला गोदीच्या संघातून मिडलवेटला खेळायचात, आणि आई मला घेऊन खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसायची. तिथपर्यंत त्याचा आवाज यायचा. तो लागला की समोरच्याचे डोळे आधी रिकामे व्हायचे, मग पाय जायचे. पण बाबा, त्याच्यापलीकडे तुमच्याकडे काय होतं? तुमचा डावा हात जेवताना जेवढा कामाचा, तेवढाच रिंगमध्ये. पाय एकदा रोवले की रोवले. ज्याला हे कळलं तो तुमच्या डाव्या बाजूने नुसता फिरत राहायचा, टिचक्या मारल्यासारखा मारत राहायचा, आणि गुणांवर जिंकून जायचा. हे शिकण्यासारखं होतं. तुम्ही शिकला नाहीत. उलट गावी परत आल्यावर नारळाच्या सोडणांनी भरलेलं पोतं उंडीच्या झाडाला टांगलंत आणि गावातल्या पोरांनाही तेच शिकवलंत. मी पावलं टाकत पोत्याभोवती फिरायला लागले की तुम्ही ओरडायचात, “पाय कित्याक नाचवतंस गो? दशावतारात जातलंस? एकच मार, पण असो मार की दुसरो मारूक लागाक नये!” पोरं हसायची. मी रागाने पोत्याला एकच मारायची, आणि पोतं जागचं हलायचंही नाही. तरी ज्या काळात पोरीला सायकल द्यायला लोक का-कू करायचे, त्या काळात मला ग्लव्हज आणून दिलेत ते तुम्हीच. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

आणि ते देवापुढचं गाऱ्हाणं. मे महिन्याच्या सुट्टीत आपण गावी आलो होतो आणि मुंबईला परत गेल्यावर तुमची सर्वांत मोठी लढत होती. सगळा गाव देवळात जमलेला. मी आईचा पदर धरून उभी आहे, तुम्ही नारळ घेऊन पुढे, आणि गावचे म्हातारे मानकरी हात जोडून खड्या आवाजात सुरू करतात, “बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेक मुंबैक लढाक चल्लो हा. तेची पाठ जमनीक लागूक देव नको, तेचो गुडघो मातयेक टेकूक देव नको रे म्हाराजा!” आणि सगळा गाव म्हणतो, “व्हय म्हाराजा!” माझ्या अंगावर काटा आला होता. आता विचार केला की हसावं की रडावं कळत नाही. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने जन्मात कुस्तीशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. पाठ लागली की हरला, एवढंच त्याला ठाऊक. बॉक्सिंगमध्ये मार डोक्यात गेला तर गुडघा टेकायचा असतो, पंच मोजायला लागतो, तेवढ्यात श्वास घ्यायचा, डोकं ताळ्यावर आणायचं आणि उठायचं, हे त्याला कोण सांगणार? तुम्ही सांगायचं होतंत. देवळातून बाहेर पडताना, हसत हसत, दोन वाक्यांत.

त्या लढतीत शेवटच्या राउंडला तुमचे हात खाली आले होते. तो गोरटेला पोरगा मारतो आहे, तुमचं डोकं मागे जातं आहे, पुढे येतं आहे. कोपऱ्यातून तुमचे कोच घसा फोडून ओरडतायत, “बैठ जा! अरे, बैठ जा!” आई डोळे मिटून बसली आहे. मी मात्र बघते आहे, आणि तुम्ही उभेच. हरलात, आणि गावात बातमी आली ती ‘हरलो, पण पडलो नाय’ अशी. तीच बातमी आता संगमरवरावर चढली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही मिठाच्या गरम पाण्यात हात घालून बसला होतात, डोळा पार मिटलेला. मी विचारलं, “बाबा, तुमी खाली कित्याक नाय बसलात?” तुम्ही म्हणालात, “गावान देवाक सांगल्यानी गो. मी बसलंय असतंय तर देव खोटो पडलो असतो.” आई स्टोव्हवर पेज ढवळत होती. ती पळी आपटून म्हणाली, “देवाक काय होता? मार तुमी खाल्लात!” तुम्ही हसलात. तुम्हाला तो विनोद वाटला.

आईचंच खरं ठरलं. पुढे तुमची बोटं थरथरायला लागली, शर्टाची बटणं मी लावून द्यायची. जेवून हात धुऊन आलात की विचारायचात, जेवान झाला काय. कुणकेश्वरच्या जत्रेत गर्दीत तुमचा हात माझ्या हातातून सुटला. सापडलात तेव्हा देवळाजवळच्या पायऱ्यांवर बसला होतात. चार जुनी माणसं ओळखून तुमच्या पाया पडत होती, आणि तुम्हाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, हा वयाचा दोष नाही, डोक्यावर खाल्लेल्या माराचा आहे. हे त्या पाटीवर कुठे लिहायचं?

मला भीती पाटीची नाही बाबा, माझ्या पोराची आहे. तुमचा नातू कॉलेजात जातो, तुमच्याच वजनात खेळतो, आणि मी लहानपणापासून पायांचं काम घोटून घेतलेलं असूनही रिंगमध्ये गेला की तुमच्यासारखा रोवून उभा राहतो. मागच्या महिन्यात ओरोसला त्याची लढत होती आणि त्याच्या कोपऱ्यात मीच होते. दुसऱ्या राउंडला एक ठोसा त्याच्या कानशिलावर बसला आणि त्याचे गुडघे लटपटले. मी ओरडले, “गुडघो टेक! टेक गुडघो!” त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. वर गावातून आलेली मंडळी बोंबलतायत, “पडा नको रे, कोणाचो नातू तू!” पुढचे दोन ठोसे मी बघितले, तिसऱ्याआधी टॉवेल रिंगमध्ये फेकला. लढत संपली. त्यानंतर गावात एकच चर्चा, आवशीनच उब्या पोराक हरवल्यान.

बरेच दिवस तो ताट उचलून पडवीत जाऊन जेवायचा. मग एकदा माझ्यासमोर बसून जेवताना त्याने मान खाली घालूनच विचारलं, “आजोबांका खाली बसूचा म्हायत नव्हता, की म्हायत आसान बसले नाय?” मी त्याला गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “मगे माज्यासाठी दुसरा गाऱ्हाणा घाला. गुडघो टेकलो तरी चलात, पण शुद्धीत घराक येवंदे, असा.” उद्घाटनाला गाऱ्हाणं घालणारच आहेत, म्हणून मी तशीच उठून आत्ताच्या मानकऱ्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सोलकढी दिली आणि म्हणाले, “बाये, देवाकडे आजपर्यंत कोणी पडणा मागल्यान नाय. गाव ‘व्हय’ म्हणाचो नाय.” मी वाद घातला, आवाज चढवला, तुमचे शेवटचे दिवस सांगितले. ते नुसते “खरा आसा, खरा आसा” म्हणत राहिले. माणसं वाईट नाहीत हो. म्हणूनच कुणावर चिडावं कळत नाही, आणि सगळं येऊन तुमच्यावर निघतं.

तर रविवारी मी बोलणार आहे. ठोशाचं सांगेन, हातचं राखून ठेवणार नाही. पायांचं आणि डाव्या हाताचंही सांगेन. पायऱ्यांवर बसलेल्या माणसाचं सांगेन, आणि पोराच्या तोंडचं मागणं गाव ‘व्हय’ म्हणो न म्हणो, माइकवरून मीच म्हणेन. चिडू देत चिडतील ते. तुम्हीही चिडा.

एक गोष्ट मात्र तिथे सांगणार नाही, पोरानेही ती अजून काढलेली नाही. ओरोसला पहिल्या राउंडला त्याचा एक उजवा ठोसा लागला होता. तोच आवाज, बाबा. समोरच्याचे डोळे रिकामे झाले आणि मी, पाय हलव पाय हलव म्हणून ओरडणारी, दोन्ही हात वर करून किंचाळले, “तसोच! तसोच उबो रव आणि घाल!” आणि त्याने माझं ऐकलं.