पुस्तकाबाहेरचे शब्द

३ फेब्रुवारी
निकाल लागला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही."
"थोडासुद्धा नाही?"
"नाही."
न्यायालयाच्या दारात पुकारा करण्यात ज्याने सारी नोकरी घालविली, त्यास ही शिक्षा! अपिलाची सोय नाही.
हिला काहीएक कळता कामा नये, असे सूनबाईस बजावले आहे. दृष्टी गेल्यापासून ही माझ्या आवाजाच्या आधारानेच घरात वावरते. "गळ्यात लहानशी गाठ आहे," एवढेच सांगितले.

५ फेब्रुवारी
निश्चय केला. हिच्या आवडीची समुद्रप्रवासाची कादंबरी मी अथपासून इतिपर्यंत वाचून ध्वनिमुद्रित करणार. अंधांसाठी पुस्तके ऐकविणारे एक संकेतस्थळ आहे. सूनबाई फावल्या वेळात त्याचे काम पाहते. तेथे ती भाग चढविणार. म्हणजे पुढे हिला कोणाची मनधरणी न करता, आपल्या फोनवर, हवे तेव्हा मला ऐकता येईल. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण माझ्या उच्चारांना कोणी नाव ठेवून दाखवावे!

८ फेब्रुवारी
फजिती! हिने फोनवर बोट फिरविले. बोट जेथे टेकेल तेथील मजकूर फोन बोलून दाखवितो. तो काय बोलला? "बटण. बटण. बटण."
ही वैतागली — "अहो, हे पुस्तक आहे की शिंप्याचं दुकान?"
सूनबाईने उलगडा केला. बटणांवर नुसत्या त्रिकोणांची चित्रे आहेत. डोळसांना ती पुरतात. फोनला चित्र वाचता येत नाही. प्रत्येकामागे शब्द लिहिले पाहिजेत.
"मग लिही," मी म्हणालो. "नाव पुकारल्याशिवाय कोणी हजर होतो काय?"

९ फेब्रुवारी
आता फोन स्वच्छ बोलतो — "भाग पहिला, ऐका." हिने एकटीने लावला. मी दाराआड उभा होतो. हिचा चेहरा पाहिला.
पुढे लिहवत नाही.

११ फेब्रुवारी
वाचन ऐन रंगात आले असता ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण आहे तिकडे?" मीही ओरडलो, "मी आहे गं, दुसरं कोण असणार!" सारे मुद्रित झाले. वर माझा खोकला, आणि "अगं, पाणी दे"!
सूनबाई म्हणते, "राहू द्या ना, बाबा. आईंना तेच जास्त आवडेल."
साफ नकार दिला. परके लोकही ऐकणार आहेत. पुस्तकात नसलेला एकही शब्द राहता कामा नये. "सगळे पुसून टाक. कोठे जपूनही ठेवू नकोस."
"तुम्ही म्हणजे ना, बाबा..." वाक्य तिने अर्धेच सोडले. पण पुसले. माझ्यासमक्ष.

१४ फेब्रुवारी
एका अंध श्रोत्याने कळविले की वाचन उत्तम. तो दुप्पट वेगाने ऐकतो. दुप्पट! माझा आवाज म्हणजे काय रखडलेली मालगाडी? ही पोट धरून हसली. "रागावू नका हो, मीपण मधेमधे पळवते."
आज थुंकीत रक्त दिसले.

१८ फेब्रुवारी
शेवटचा भाग पूर्ण. आवाज फाटक्या कापडासारखा झाला आहे. ही म्हणाली, "एवढी कसली घाई? जहाज कुठं पळून जातंय? दवाखान्यातून आल्यावर वाचलं असतंत की!"

१९ फेब्रुवारी
उद्या दाखल व्हावयाचे. पिशवी भरताना ही म्हणाली, "आलात की दारातूनच नेहमीसारखी हाक मारा. उगाच दचकवू नका मला."
"बरे," म्हणालो.
न्यायालयात खोट्या साक्षी पुष्कळ ऐकल्या. आज स्वतः दिली.

२४ फेब्रुवारी
जिवंत आहे. पाटीवर लिहून बोलतो. डॉक्टरांनी फोनवर बोलण्यास मनाई केली आहे, असे हिला कळविले.

२७ फेब्रुवारी
सूनबाई म्हणाली, "आता तरी आईंना सांगू द्या." पाटीवर लिहिले — मी सांगेन.
कसे, ते तिने विचारले नाही.

४ मार्च
एक दिवस आधीच सोडले. सूनबाई खाली गाडीतून सामान काढीत राहिली. मी एकटाच जिना चढून दारात उभा. हिने मान वर केली.
"कोण आहे?"
गळ्याच्या भोकातून वारा गेला. शब्द नाही. फोन काढला. इतके भाग, सगळे नावानिशी. "मी आहे" एवढे कोणत्याही भागात नाही. अखेर भाग पहिला लावला. माझा आवाज खणखणीत उमटला.
ही भिंतीला टेकली. "सूनबाई, आलीस का? यांचं पुस्तक बंद कर गं आधी. दारात कोणीतरी परकं उभं आहे."