रिबिनीआडचा बाक

३ एप्रिल, गुरुवार

क्लबातली माझी खुर्ची डुगडुगते. आजवर कुणाजवळ बोललो नाही. मोठ्या दुःखाचा गवगवा करू नये असं माझं मत. पण आज सेवागीत संपवून खाली बसलो, तर तिनं मला सरळ मंजुषाताईंच्या खांद्यावर कलंडवलं. मंजुषाताई क्लबच्या सचिव. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं (चष्मा माझ्याच दुकानातला) आणि इतिवृत्तात लिहिलं — सभा खेळीमेळीत पार पडली.

बाकी विषय किरकोळ. आमच्या सेवा क्लबचा यंदाचा मोठा प्रकल्प, म्हणजे मोर्शी रोडच्या बसथांब्यावरचा स्टीलचा बाक, आज सकाळी बसवून झाला. अध्यक्ष शेखर भुयार यांचा टाइल्सचा धंदा आहे. बोलतानाही प्रत्येक शब्द ठेवतात आणि वरून ठोकून बघतात. म्हणाले, "बाक. लोकांसाठी. आहे." टाळ्या. थांब्यावर जुना कडुलिंब आहे, पण बाक सावलीबाहेर, उन्हात बसवलाय. सावलीत फोटो काळा येतो आणि मागचा बोर्ड फांदीआड जातो.

बाकाला लाल रिबीन बांधली आहे. रविवारी अकोल्याहून प्रांतपाल येऊन कापतील. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या सगळ्या क्लबांचा वरचा माणूस. तोवर कुणी बसू नये, असं ठरलं.

१० एप्रिल, गुरुवार

प्रांतपाल आले नाहीत. साळ्याच्या पोरीचा साखरपुडा. बरं.

खरा गोंधळ वेगळाच. सोमवारी कुणीतरी रिबीन वर करून आत बसायला निघाला होता. भुयारांच्या मेहुण्यानं वेळेवर ओरडून थांबवलं. आज त्यावर चर्चा. भुयार म्हणाले, "उद्घाटनाच्या आधी माणूस बसला, की बाक वापरलेला होतो. प्रांतपालांना वापरलेला बाक द्यायचा का?" सभागृह सुन्न झालं.

ठराव झाला की सभासदांनी पाळीपाळीनं बाकाचा पहारा करावा. मी म्हटलं, बसायच्या वस्तूवर कुणी बसू नये म्हणून माणूस बसवणारा आपला क्लब विदर्भात पहिला असेल. भुयार खूश झाले. "हे वाक्य अहवालात घ्या," म्हणाले. आणि पहिली पाळी मला दिली.

१२ एप्रिल, शनिवार

पहारा. पहारेकऱ्याला क्लबची प्लास्टिक खुर्ची मिळेल, असं ठरलं होतं. खुर्च्या एका सभासदाकडे बारशाला गेल्या. म्हणून मी मोकळ्या बाकाशेजारी उभा, ऊन डोक्यावर.

कडुलिंबाखाली एक बाई फुलं विकते. पार्बताबाई. मोर्शीकडच्या खेड्यातून पहिल्या गाडीनं झेंडू-मोगरा घेऊन येते. तीही उभीच. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली,

"काय गुन्हा केला जी तुमी?"

"कुठं काय?"

"मंग काहून उभं करून ठेवलं तुमाले?"

समजावून सांगितलं. क्लब, सेवा, प्रांतपाल, रिबीन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे बसाले हाय, पन बसाचं नाई?"

"उद्घाटन होईपर्यंत."

"बाप्पा."

मग तिनं संत्र्याच्या लाकडी खोक्यातली फुलं टोपल्यात ओतली, खोका उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. "बसा. तुमी सुकट हा, तुमाले झेलते. मी बसली तं मोडते."

मी बसलो. आता लाज वाटते, पण तेव्हा फक्त बरं वाटलं.

"आणि तुम्ही?" विचारलं.

"माहा गोटा होता इथी. झाडाखाली. या बाकाच्या लोकायनं नेला." कुठल्याशा पुलाचा उरलेला चौकोनी काळा दगड, गुडघाभर उंच. इतकी वर्षं त्यावर बसून धंदा केला. आता खाली बसली तर गुडघे परत उठू देत नाहीत, म्हणून दिवसभर उभी. "तुमचं नाव झालं असन, परिसर साफ केला म्हनून," ती म्हणाली.

आमच्याच अहवालात आहे. परिसर सुशोभीकरण.

१७ एप्रिल, गुरुवार

प्रांतपालांची दाढ. पुढची तारीख.

मी पार्बताबाईच्या दगडाचा विषय काढणार होतो. काढावा लागला नाही. सभेत पंख्याची फडफड नव्हती म्हणून वर बघितलं, तर नवीन व्यवस्था — मोठा कुलर, खिडकीच्या उंचीला आणलेला. कशावर? एका चौकोनी काळ्या दगडावर. वरचा भाग बसून बसून गुळगुळीत झालेला. कुलरच्या पायाबाहेर तेवढा दिसत होता.

म्हटलं, हा दगड एका बाईची बसायची जागा आहे.

भुयार म्हणाले, "तिच्यासाठीच तर बाक बसवला!"

"त्यावर बसू देत नाही आपण."

"उद्घाटनानंतर बसेल. सगळ्यात आधी तिला बसवू. फोटोत घेऊ."

"तोवर दगड द्या."

भुयारांनी कुलरकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. गार हवा येत होती. शेवटी कुलर उपसमिती नेमली. अध्यक्ष कोण? ज्यांची खुर्ची कुलरच्या समोर आहे ते.

२० एप्रिल, रविवार

बायको, माया, म्हणते, "तुम्ही चष्मे विका. दगडाचं नका पाहू." दोन्ही कामं मला सारखीच जमतात असं तिचं मत आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

आज पाळी माझीच. आता बाकापुढून जाणारी माणसं हात जोडतात. लाल रिबीन, बाजूला छत्री धरलेला पहारेकरी — देव आहे अशी कुणाचीही समजूत होईल. एका म्हाताऱ्यानं चपला काढल्या. एकीनं पार्बताबाईकडून हार घेऊन रिबिनीला अडकवला. मी सांगायला गेलो की हा नुसता बाक आहे. ती म्हणाली, "मंग तुमी काहून बसले?"

संध्याकाळी सभेत हे सांगितलं. मला वाटलं, हसतील. भुयार म्हणाले, "लोकांचा प्रतिसाद उत्तम आहे."

पार्बताबाईचा धंदा वाढला, असं कुणाला वाटेल. तिचा घोटा मात्र सुजला आहे. आजही तिनं खोका मलाच दिला. मी नको म्हटलं, तर, "पाहुन्याले उभं ठेवत नाई आमी." क्लबात इतकी वर्षं झाली, मला कुणी पाहुणा म्हटलं नाही. कुणी पाणीही स्वतःहून दिलं नाही, ते निराळं.

३ मे, शनिवार

उन्हं पेटली. हवामानवाले आता अकोला-अमरावतीचे आकडे शेजारीशेजारी देतात, आणि आपला कमी निघाला की इथल्या माणसांना वाईट वाटतं.

पार्बताबाई सहज बोलावं तसं बोलली. "सून म्हनते, आता नोका जाऊ. पाय नाई राह्यले. बसाले जागा नाई तं यून काय करू? दोन-चार दिस पाह्यतो, मंग जागा त्या कोपऱ्यातल्या नारळवाल्याले देऊन टाकतो."

ही जागा सोडली तर काय करणार, असं विचारलं.

"घरी बसन. घरी बसाले लय जागा हाय." आणि हसली. मग बराच वेळ हार ओवत राहिली, उभ्यानं. दोरा सारखा सुटत होता.

८ मे, गुरुवार

कुलर उपसमितीचा अहवाल आला. दगड काढल्यास कुलर खाली येईल. कुलर खाली आल्यास वारा गुडघ्यांना लागेल. सभासदांचं वय पाहता हे बरं नाही. पावसाळ्यात फेरविचार.

मी म्हटलं, गुडघ्यांचा विचार झाला हे छान झालं. कुणाला लागलं नाही. खुर्ची डुगडुगली तेवढी.

पार्बताबाई मंगळवारपासून आलेली नाही.

११ मे, रविवार

उद्घाटन झालं! ते लिहायलाच हवं.

प्रांतपाल अकोल्याहून सकाळी निघाले, वाटेत सत्कार घेत घेत भर दुपारी पोचले. गोरापान, प्रेमळ माणूस, अंगात सुती झब्बा, पातळ. मंडप त्यांच्या डोक्यावर, बाक मंडपाबाहेर — फोटोसाठी. भुयारांनी प्रास्ताविक ठोकून ठोकून बसवलं. कात्री आली. रिबीन कापली. टाळ्या. भुयार म्हणाले, "साहेब, पहिला मान तुमचा."

साहेब बसले.

आणि उठले. त्या दोहोंमध्ये वेळ असा नव्हताच. माणूस बसला की उठला, हे फोटोग्राफरलाही कळलं नाही. त्याच्या फोटोत प्रांतपाल बाकाच्या वीतभर वर आहेत, दोन्ही हात पसरलेले, चेहरा देवाच्या भेटीला निघाल्यासारखा.

थांब्यावरची एक बाई म्हणाली, "तवा हाय तो. नुसतं पीठ टाका."

इतके आठवडे आम्ही त्या बाकावर कुणाला बसू दिलं नाही. कुणी बसला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अमरावतीत, मे महिन्यात, उघड्या उन्हात स्टील! आम्हा सगळ्यांची दुकानं, नोकऱ्या, लेकरांच्या पदव्या, आणि हात लावून बघायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. टोमणे मारायला मी दर पाळीला तिथे होतो.

प्रांतपालांनी भाषण उभ्यानं केलं. सगळ्यांनीच उभ्यानं ऐकलं. भुयारांनी आभार मानले आणि बाकाला पुन्हा रिबीन बांधायला सांगितली. कुणाला भाजायला नको म्हणून.

पार्बताबाईला आधी बसवू म्हटलं होतं. ती कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही.

१३ मे, मंगळवार

मोर्शीच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. फुलवाली पार्बताबाई म्हटल्यावर लगेच ओळखली. तिचं टोपलं रोज तोच वर चढवून द्यायचा. म्हटलं, निरोप द्या — गोटा येतो.

"कोन येतो?"

"गोटा. तिला कळेल."

मग मंजुषाताईंच्या घरी गेलो. सभागृहाची किल्ली मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. किल्ली दिली आणि म्हणाल्या, "कुलरखाली विटा लावा. घरामागं आहेत, घेऊन जा." मी जिना उतरत होतो तेव्हा वरून म्हणाल्या, "इतिवृत्तात येणार नाही."

१५ मे, गुरुवार

सकाळी दोन हमाल लावून कुलर विटांवर ठेवला आणि दगड हातगाडीवरून नेला. कडुलिंबाखाली, जुन्या खळग्यात बरोबर बसला. पहिली गाडी आली. पार्बताबाई उतरली, दगडाकडे बघितलं, टोपलं ठेवलं, बसली. मग खोका रिकामा करून माझ्याकडे सरकवला.

"आता तं बसा."

आज गुरुवार. सभेला गेलो नाही. खोका डुगडुगत नाही.